उशिरा पोचणारा डोळा

सातपूरच्या त्या पंपांच्या कारखान्यात चांगुणा गांगुर्डे यांना चेहऱ्यानं ओळखणारी माणसं थोडी होती, पण त्यांचा आवाज ओळखत नाही असं कुणी नव्हतं. गेटमधून आत शिरलं की डाव्या हाताला कामगारांची हजेरी मांडणारं टाइम ऑफिस होतं. त्याला लागून एक अरुंद खोली, आणि त्या खोलीत टेलिफोनचा बोर्ड. पॅकिंगच्या खात्यातून त्यांना तिथं एका दिवसापुरतं बसवलं होतं, कारण आधीची ऑपरेटर लग्न होऊन पुण्याला गेली होती आणि नवी मिळेपर्यंत कुणीतरी हवं होतं. नवी कुणी आलीच नाही. त्या पहिल्याच संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी विचारलं होतं, "आज फोन कोण देत होतं? पहिल्यांदाच मला कुणी 'थांबा' न म्हणता 'थांबता का?' असं विचारलं." त्यानंतर चांगुणाबाई त्या खोलीतून हलल्या नाहीत.

बोर्ड म्हणजे काळपट लाकडाचं उभं कपाट. त्यावर इवल्या दिव्यांच्या ओळी आणि प्रत्येक दिव्याखाली एक भोक. समोर कापडानं मढवलेल्या दोऱ्या, त्यांच्या टोकांना पितळी प्लग. एखाद्या खात्यात कुणी फोन उचलला की त्या खात्याचा दिवा लागे. बाई एक दोरी त्याच्या भोकात खुपसत, "बोला" म्हणत, आणि जोडीची दुसरी दोरी ज्याच्याशी बोलायचं असेल त्याच्या भोकात घालत. दोरीपुढे एक छोटी कळ असे. ती पुढे लोटली की दोघांचं बोलणं बाईंना ऐकू येई आणि मागे ओढली की बंद होई. चांगुणाबाईंची कळ नेहमी मागे असे. कुणाची बढती, कुणाची मेव्हण्याशी भांडणं, सगळं त्यांच्या हाताखालून जाई, पण कानात शिरत नसे. नव्या कामगारांना हे खरं वाटत नसे. जुने म्हणत, "बाईंना विचारून बघ. त्यांना फक्त नंबर माहीत असतात."

बसण्याचीही त्यांची एक पद्धत होती. मान सरळ, नजर बोर्डाच्या मधोमध. दिवा लागला की त्याच्याकडे बघायचं नाही. तो डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतो, हात आपोआप जातो. बघत बसलं तर तेवढ्यात दुसरा दिवा लागतो. दिवा कळतो, पण फोन जोडायचं भोक मात्र बघून शोधावं लागतं, कारण ते समोरचा माणूस सांगतो आणि दर वेळी वेगळं असतं. इतकी वर्षं हे सगळं त्यांच्या अंगात असं मुरलं होतं की घरी चुलीवरचं दूध उतू जाऊ लागलं तरी मान न वळवता त्यांचा हात तिकडे जाई. सासूबाई भिमाबाई म्हणत, "हिला पाठीमागं पन डोळे हायेत."

१९८३च्या दिवाळीनंतर काहीतरी बिघडलं.

सुरुवात हसण्यासारखी होती. पुण्याचा एक व्यापारी लोखंडी कास्टिंगच्या भावाबद्दल खरेदी खात्याशी बोलायला फोनवर आला आणि त्याला लागलं कँटीन. कँटीनवाल्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाव काय विचारता साहेब, वांग्याची भाजी आहे, गरम आहे, या." व्यापाऱ्यालाही हसू आलं. पण दोन दिवसांनी मॅनेजरसाहेबांचा फोन पेंट शॉपला गेला, आणि त्यानंतर खरेदी खात्याचा फोन गेटच्या माणसानं उचलला.

चुका सगळ्या उजव्या बाजूच्या होत्या. बोर्डाच्या उजव्या अंगाला खरेदी, कँटीन, पेंट शॉप, टाइम ऑफिस, गेट अशी भोकं शेजारी शेजारी होती. चांगुणाबाईंनी तिकडे नजर नेली की क्षणभर सगळं हलायचं. एका भोकाची दोन भोकं व्हायची, दुसरं पहिल्याला चिकटलेलं, किंचित सरकलेलं. मग ती सावकाश एकमेकांत मिसळायची, पण तोवर हात गेलेला असे. आधी त्यांना वाटलं, रात्री झोप कमी होते. मग वाटलं, चष्मा लागला असेल.

कारखान्याच्या पॅनेलवरचे डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांनी एकेक डोळा झाकून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. चांगुणाबाईंनी दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ घडाघडा वाचली. तसं सर्टिफिकेट मिळालं.

टाइम ऑफिसर खंडेराव गायखे यांनी ते दोनदा वाचलं. खंडेराव मूळचे मशीन शॉपमधले. बोटं जाडजूड, बोलणं तिरकस. पण पगाराच्या दिवशी कुणाला ताटकळू न देणारा माणूस.

"बाई, डोळे तर ठणठणीत आहेत," ते म्हणाले. "आता मला सांगा, मन कुठं असतं?"

"बोर्डावरच असतं, साहेब."

"मग हात दुसऱ्याच्या घरात कसा जातो?"

"उजवीकडे बघितलं की दोन-दोन दिसतं."

"इथं तर लिहिलंय एकच दिसतं." खंडेरावांनी कागदावर टिचकी मारली. "हे बघा, कंटाळा आला असेल तर तसं सांगा. माणसाला येतो. डिस्पॅचला बसायचंय का? तिथं खिडकी आहे, वारा येतो. पण नाटक नको. मॅनेजरसाहेब मला विचारतात, बाई मुद्दाम करतायत का? मी काय सांगू?"

चांगुणाबाई इतकंच म्हणाल्या, "मुद्दाम नाही."

"महिनाअखेरीपर्यंत बघतो. पॅकिंगमधली एक मुलगी तुमच्याजवळ बसेल, शिकेल. तिला शिकवा."

त्या संध्याकाळी सातपूर कॉलनीत घरी आल्यावर त्यांनी डबा तसाच मोरीत ठेवला. बोर्ड जाईल याचं दुःख होतंच. पण आपल्या हातून कधी खोटं गेलं नाही आणि आपल्यालाच खोटं म्हटलं गेलं, ते जास्त लागलं होतं. नवऱ्याला, मल्हारींना, त्यांनी सगळं सांगितलं. मल्हारी पाटबंधारे खात्यात कारकून. कुठल्याही गोष्टीवर आधी चष्मा पुसायचा आणि मग बोलायचं, ही त्यांची सवय.

"कुणाची तरी नजर लागली," भिमाबाई उठून म्हणाल्या. मिठाच्या बरणीतून मूठ भरली, मोहरीचा डबा शोधू लागल्या. मग भिंतीवरच्या तसबिरीकडे त्यांचं लक्ष गेलं. बाबासाहेब चष्म्यातून सरळ बघत होते. भिमाबाई मूठ तशीच धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"आता काय करणार आहेस त्या मिठाचं, आई?" मल्हारींनी विचारलं.

"डाळीत टाकते. आळणीच झालीय." आणि त्यांनी खरंच थोडं डाळीत टाकलं, उरलेलं बरणीत झटकलं. "मंग डाक्तरकडं तरी न्या तिला. मोठ्या डाक्तरकडं. डोळ्याच्या नाय, डोक्याच्या."

"आत्या, मी वेडी नाही," चांगुणाबाई म्हणाल्या.

"येडी नाय गं. पन तू मागच्या साली डावा डोळा धुरकट झाला म्हनत होतीस. लाल लुगडं तुला इटकरी दिसायचं. आन त्याच्या आधी पाय. नणंदेच्या लग्नात पायाला मुंग्या म्हनून तू चपला हातात घेऊन हिंडलीस. मी काय आंधळी हाय?"

मल्हारींनी चष्मा पुसला. ही तिन्ही दुखणी त्यांनी कधी एका ओळीत धरली नव्हती. प्रत्येक दुखणं आलं होतं आणि काही आठवड्यांनी आपल्या पायांनी निघून गेलं होतं.

त्यांच्या कचेरीतल्या एका साहेबांच्या मुलाला फिट्स येत. त्यासाठी ते गंगापूर रोडला डॉ. निरगुड्यांकडे जात. मेंदूचे डॉक्टर, मुंबईत शिकून आलेले, मेंदूचा आलेख काढायचं यंत्र त्यांच्याकडे आहे, एवढं मल्हारींना कळलं. शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दोघं सिटी बसनं गेली.

डॉ. निरगुडे चाळिशीतले, उंच, बोलताना टेबलावरचं पेन सतत फिरवणारे. त्यांनी चांगुणाबाईंना सगळं विचारलं, पायाच्या मुंग्या, धुरकट डोळा, लाल लुगडं. मग आपलं बोट समोर धरून डावीकडे-उजवीकडे नेलं. डावीकडे दोन्ही डोळे नीट गेले. उजवीकडे नेलं तेव्हा डॉक्टर थांबले, पुन्हा नेलं, पुन्हा.

"दिसतंय मला," ते म्हणाले. "उजवीकडे बघताना तुमचा डावा डोळा नाकाकडे यायला हवा. तो येतो, पण रेंगाळत येतो. किती रेंगाळतो हे नुसत्या डोळ्यांनी कसं सांगणार? आणि मी नुसतं सांगितलं तर तुमचे साहेब म्हणतील, डॉक्टर ओळखीचा आहे."

"म्हणतील," चांगुणाबाई म्हणाल्या.

"मग यंत्रालाच विचारू."

आतल्या खोलीत ते यंत्र होतं. एक लांब टेबल, त्यावरून हळूहळू सरकणारा कागदाचा पट्टा आणि कागदावर टेकलेल्या शाईच्या बारीक सुया. फिट्सच्या रोग्यांसाठी डोक्याला तारा लावून मेंदूतल्या लहरी त्यावर उमटवत. डॉक्टरांनी तेच यंत्र डोळ्यांसाठी वापरायचं ठरवलं होतं. डोळा फिरला की त्याच्या कडेच्या कातडीवर विजेचा अगदी सूक्ष्म फरक पडतो. तेवढा सुईला पुरतो. नर्स नवसाबाईंनी प्रत्येक डोळ्याच्या दोन्ही कडांना चिकट मलम लावून चकतीसारख्या तारा बसवल्या, एक कपाळाच्या मधोमध.

"ताई, कुंकवासारखी दिसतेय," नवसाबाई म्हणाल्या.

"आमच्यात लाल लावतात. ही काळी आहे."

"हसू नका. हसलात की सुया नाचतात."

समोर भिंतीवर एक फळी होती. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून तिच्यावर टॉर्चचे छोटे दिवे ओळीत बसवून घेतले होते. हनुवटी टेकवायला लाकडी आधार होता. वरची सुई उजव्या डोळ्याची, खालची डाव्या डोळ्याची.

"मान हलवायची नाही. फक्त डोळे. दिवा लागला की त्याच्याकडे बघायचं," डॉक्टर म्हणाले आणि बटण दाबलं. कागद सरकू लागला. एक दिवा लागला, विझला. दुसरीकडे लागला, विझला. सुया सरळ रेघ ओढत राहिल्या. मधूनच पापणी लवली की तेवढी एक टेकडी उमटे, मग पुन्हा सपाट.

डॉक्टरांनी तारा तपासल्या, बटणं तपासली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा सपाट.

"चांगुणाबाई, दिवा दिसतोय ना?"

"दिसतोय."

"मग बघा त्याच्याकडे."

"बघतेय."

कागद सरकत होता. शेवटी डॉक्टरांनी यंत्र बंद केलं. त्यांच्या आवाजात थकवा होता. सकाळपासून बाहेर रोगी बसले होते. "हे बघा, तुम्ही प्रयत्नच करत नाही आहात. मी एवढा वेळ देतोय. डोळे जागचे हलत नाहीत तुमचे. मुद्दाम धरून ठेवल्यासारखे."

मुद्दाम. तोच शब्द. चांगुणाबाईंची हनुवटी आधारावरच होती, पण तोंडाचा रंग उतरला. बाजूला स्टुलावर बसलेल्या मल्हारींनी चष्मा काढला. हे यंत्रही चांगुणाबाईंविरुद्ध साक्ष देणार होतं, हे दोघांनाही एकाच वेळी कळलं. खंडेरावांच्या टेबलावर आधीच एक कागद होता, आता दुसरा जाईल.

"डॉक्टर," चांगुणाबाई हळू म्हणाल्या, "पहिला लागला तो डावीकडून दुसरा. मग शेवटचा उजवा. मग मधला. मग पुन्हा शेवटचा. मी एकही सोडला नाही. विचारा."

डॉक्टरांनी फळीच्या बटणांकडे पाहिलं. क्रम बरोबर होता.

"मग डोळे का नाही गेले?"

"दिव्याकडे कशाला न्यायचे? तो तर दिसतोच. बोर्डावर दिवा लागला की त्याच्याकडे बघायचं नसतं." त्या जरा थांबल्या. त्यांच्याही हे आताच ध्यानात येत होतं. "तुम्ही सांगितलंत तेव्हा मला वाटलं मी बघतेच आहे. मला माहीतच नाही मी तिकडे बघत नाही ते."

डॉक्टर पेन फिरवायचे थांबले. स्टूल ओढून बसले. "बोर्ड म्हणजे? नीट सांगा. तुम्ही तिथं बसता तेव्हा काय करता?"

चांगुणाबाईंनी सांगितलं. दिवा कोपऱ्यातून कळतो, हात जातो, "बोला" म्हणायचं, मग समोरचा खातं सांगतो, आणि मग भोक शोधायचं.

"आणि ते शोधायला?"

"बघावं लागतं. तिथंच तर दोन दिसतात."

"अरे वा." डॉक्टर उठले. त्यांच्या चेहऱ्यावरचा सकाळचा थकवा गेला होता. "नवसाबाई, औषधांच्या खोक्याचा पुठ्ठा आणा, आणि शाई. बाई, तुमच्या बोर्डावर डावीकडून काय काय आहे?"

"डावीकडे मॅनेजरसाहेब, अकाउंट्स. मधे फाउंड्री, स्टोअर. उजवीकडे खरेदी, कँटीन, पेंट शॉप, टाइम ऑफिस, गेट."

डॉक्टरांनी पुठ्ठ्याचे तुकडे करून त्यावर नावं लिहिली आणि प्रत्येक दिव्याखाली एकेक टाचलं. जागा कमी पडली तेव्हा कँटीन आणि पेंट शॉप गाळलं. दिवे लावलेच नाहीत. यंत्र सुरू केलं, फळीमागे उभे राहिले, आणि मुठीचा रिसीव्हर करून कानाला लावला.

"हॅलो, ऑपरेटर?"

चांगुणाबाईंना हसू आवरलं नाही. सुया नाचल्या.

"ताई, हसू नका म्हटलं ना," नवसाबाई म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या.

"हॅलो. अकाउंट्स द्या."

डोळे डावीकडे गेले. दोन्ही सुया एकाच क्षणी खाली उतरल्या, पायरी उतरावी तशा.

"स्टोअर द्या." दोन्ही परत आल्या, पुन्हा सोबत.

"आता गेट द्या."

वरची सुई ताडकन वर गेली आणि टोकाला पोचून बारीक थरथरली. खालची निघाली, पण तिनं पायरी चढली नाही. ती चढण चढत गेली, वळत, सावकाश, आणि वरची केव्हाचीच पोचली होती तेव्हा ही अर्ध्यात होती.

"फाउंड्री द्या. टाइम ऑफिस द्या. मॅनेजरसाहेब द्या. खरेदी द्या." डॉक्टर मागत राहिले. डावीकडे प्रत्येक वेळी दोन पायऱ्या, उजवीकडे प्रत्येक वेळी एक पायरी आणि एक चढण. मल्हारी उठून कागदाजवळ आले होते. त्यांना यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण दोन रेघा सोबत नाहीत, एवढं कुणालाही दिसलं असतं.

"ही खालची माझी का?" तारा काढून झाल्यावर चांगुणाबाईंनी विचारलं.

"दोन्ही तुमच्याच. खालची डाव्या डोळ्याची. मेंदूत एक बारीक धागा असतो, तो दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी निरोप पोचवतो. तुमचा एका बाजूचा निरोप उशिरा पोचतोय. उजवा डोळा गेटवर पोचतो, डावा वाटेत असतो. त्या मधल्या वेळात तुम्हाला दोन गेट दिसतात. आणि भिंतीवरची अक्षरं वाचताना डोळा स्थिर असतो, म्हणून तिथं सगळं चांगलं येतं. ते सर्टिफिकेट खोटं नाही. त्यानं हे विचारलंच नाही."

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. इथं फारसा आढळत नाही, पण आढळतो. मज्जातंतूंवर एक आवरण असतं, ते जागोजाग विरतं.

"दोरीवरचं कापड विरतं तसं," चांगुणाबाई म्हणाल्या. "मग फोनमध्ये खरखर येते."

"तसंच. पायात खरखर आली, मग डोळ्यात. काही ठिकाणी आपोआप भरून येतं, काही ठिकाणी थोडं राहतं. आणखी तपासण्या करायला लागतील, पाठीतलं पाणी काढून बघावं लागेल. गोळ्या देतो, यातलं बरंचसं उतरेल. पुन्हा येणार नाही असं मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं न येणारे लोकही मी पाहिलेत."

चांगुणाबाई रडतील असं मल्हारींना वाटलं. त्यांनी फक्त कपाळावरचं मलम पदरानं पुसलं.

"काम करता येईल?"

"डाव्या बाजूला बघताना काही त्रास नाही ना? मग बोर्ड तुमच्या डावीकडे येईल अशा बसा."

"खुर्ची जमिनीला बोल्टनं ठोकलेली आहे."

"ते तुमच्या साहेबांना सांगायला हवं. मी फोन करू का त्यांना? आजाराचं नाव सांगू की नको?"

चांगुणाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मल्हारी म्हणाले, "तुझं तू ठरव."

"सगळं सांगा," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "निम्मं सांगितलं की उरलेलं लोक स्वतः घालतात."

सोमवारी दुपारी बाहेरच्या लाइनचा दिवा लागला. शेजारी पॅकिंगमधली ती मुलगी डबा खायला गेली होती. चांगुणाबाईंनी दोरी घातली.

"बोला."

"मी निरगुडे बोलतोय. टाइम ऑफिसला गायखे आहेत का?"

"आहेत. देते."

टाइम ऑफिस उजवीकडे. त्यांनी सगळं अंगच उजवीकडे वळवलं, खुर्चीतून अर्धवट उठून बोर्डाच्या कडेला गेल्या. भोकाच्या शेजारचं दुसरं भोक विरून जाईपर्यंत थांबल्या. मग प्लग खुपसला. पलीकडे खंडेरावांनी फोन उचलला.

कळ त्यांच्या बोटाखाली होती. पुढे लोटली असती तर सगळं ऐकू आलं असतं. डॉक्टर कसं सांगतात, खंडेराव मधे काय म्हणतात, 'नाटक' हा शब्द पुन्हा येतो का. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या दोरीतून त्यांचंच बोलणं जात होतं. भिंतीपलीकडे खंडेरावांच्या खुर्चीचा करकर आवाज झाला. चांगुणाबाईंनी कळ मागे ओढली आणि हात मांडीवर ठेवला.

ते बोलणं खूप वेळ चाललं. त्यांनी त्या दरम्यान फाउंड्रीला स्टोअर दिलं, मॅनेजरसाहेबांना मुंबईची लाइन दिली. टाइम ऑफिसचा दिवा विझला तेव्हा त्यांनी दोन्ही प्लग काढून जागच्या जागी ठेवले.

खंडेराव आले नाहीत. दुपारची चहाची वेळ झाली, चहा आला, तो निवला. ती मुलगी येऊन शेजारी बसली, आज काय शिकवणार असं तिनं विचारलं. "आज नुसतं बघ," चांगुणाबाई म्हणाल्या.

मग दारात खंडेराव उभे राहिले. आत आले नाहीत, त्या खोलीत तिघं मावतही नव्हती.

"पट्टी आणलीय म्हणे तुम्ही."

चांगुणाबाईंनी पिशवीतून कागदाची गुंडाळी काढून दिली. खंडेरावांनी ती बाहेरच्या टेबलावर उलगडली, एका टोकाला कागदाला भोकं पाडायचा पंच आणि दुसऱ्या टोकाला पाण्याचा गडवा ठेवला. मशीन शॉपच्या दिवसांपासून त्यांना ड्रॉइंगमधल्या रेघा वाचायची सवय होती. जाडजूड बोट त्यांनी वरच्या रेघेवरून नेलं, मग खालच्या.

"हा पोचला," ते म्हणाले. "आणि हा अजून निघतोच आहे."

"हो."

"दर वेळी?"

"उजवीकडे दर वेळी."

खंडेरावांनी पट्टी पुन्हा सुरुवातीपासून पाहिली. डॉक्टरांनी पेन्सिलीनं प्रत्येक जागी खात्याचं नाव लिहिलं होतं. 'टाइम ऑफिस' या अक्षरांखाली त्यांचं बोट थांबलं.

"माझ्याकडं येतानाही उशीर," ते म्हणाले. मग घसा खाकरला. "बाई, मी त्या दिवशी जे बोललो..." पुढचं त्यांना जमेना. ते वळून ओरडले, "झुंबर! ए झुंबर! पान्हा घेऊन ये. मोठा."

झुंबर फिटर आला. खंडेरावांनी त्याला खुर्चीचे बोल्ट दाखवले.

"ही काढायची आणि तिकडे उजव्या टोकाला बसवायची. बाईंना सगळा बोर्ड डावीकडे आला पाहिजे."

"साहेब, फरशीला नवी भोकं पाडावी लागतील," झुंबर म्हणाला. "मेंटेनन्सची परवानगी?"

"मेंटेनन्सला मी सांगतो. तू पाड."

"आणि या मुलीचं?" चांगुणाबाईंनी विचारलं.

पॅकिंगची मुलगी घाबरून भिंतीला टेकली होती.

"ती शिकू दे. बाईंना रजा लागेल कधी, दवाखाना असेल, तेव्हा बसेल." खंडेराव तिच्याकडे वळले. "नीट शीक. आणि कळ मागं ठेवायला शीक."

झुंबरनं फरशीत भोकं पाडेपर्यंत सगळा कारखाना फोनविना राहिला. लोक दारात येऊन डोकावून जात. कुणी विचारलं, काय चाललंय? झुंबर म्हणाला, "बाईंचं सिंहासन हलवतोय." चांगुणाबाई उभ्या राहून हसत होत्या. खुर्ची जागेवर बसली तेव्हा त्यांनी बसून पाहिलं. बोर्ड आता त्यांच्या डाव्या अंगाला पसरला होता. उजवं टोक थेट नाकासमोर होतं. गेट, टाइम ऑफिस, पेंट शॉप, कँटीन, खरेदी. त्यांनी एकेकाकडे नजर नेली. प्रत्येक भोक आपापल्या जागी एकटं होतं. हात मात्र चुकला, कारण दोऱ्या आता लांब पडत होत्या. दोन दिवस लागतील सवयीला, त्या स्वतःशी म्हणाल्या.

पहिला दिवा टाइम ऑफिसचाच लागला. भिंतीपलीकडे खंडेराव हातात फोन घेऊन बसलेत, हे त्यांना आवाजावरून कळत होतं.

"बोला."

"बाई, नांदगाव बुक करता का? मुलीकडे. तिचं बाळंतपण झालंय काल. तारेनं कळलं, पण नीट काही कळलं नाही."

"ट्रंक कॉल आहे साहेब. लागेल तेव्हा लागेल."

"लागेल तेव्हा द्या. मी इथंच आहे."

नांदगाव लागलं तेव्हा बाहेर पाळी सुटत होती आणि सायकलींच्या घंटा वाजत होत्या. खंडेराव घरी गेले नव्हते. चांगुणाबाईंनी समोर पाहिलं, प्लग सरळ टाइम ऑफिसच्या भोकात गेला.

"बोला साहेब," त्या म्हणाल्या, "नांदगाव आहे. रडतंय कुणीतरी, पण तान्हं आहे ते."